पहिले फ्यूज दाखवा

रामटेके साहेब पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी चहाच्या आधी आमचा मेन फ्यूज मागितला.

समोरच्या फ्लॅटमध्ये नवं बिऱ्हाड आलं, म्हणून शेजारधर्म पाळायला मी नवरा-बायकोला चहाला बोलावलं होतं. असा नवा पाहुणा साधारणपणे सोफ्यावर बसतो, 'जागा हवेशीर आहे हो' म्हणतो, फार तर पाणी कधी येतं ते विचारतो. हे गृहस्थ दारातच थांबले. उंच, सावळे, केस पांढरेशुभ्र आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. "पहिले फ्यूज दाखवा जी," म्हणाले. नागपूरकडची काही पद्धत असेल असं वाटून मी बोर्ड दाखवला. "चपला राहू द्या, करंटचं काम आहे," असं म्हणत ते आमच्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चपलांसकट गेले आणि त्यांनी खटकन फ्यूज उपटला. घरात अंधार झाला. आतल्या खोलीत सासूबाईंची मालिका ऐन लग्नात बंद पडली.

आमच्या यांनी कधीतरी त्या फ्यूजमध्ये चांगली जाड तार गुंडाळून ठेवली होती, कारण बारीक तार सारखी जळायची. रामटेके साहेबांनी ती सोडवली आणि यांच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"तार," हे म्हणाले.

"फ्यूजची तार जळायले पाहिजे, म्हणून तर तिले तिथं ठेवली. ही जळणारच नाही. मंग काय जळन? घर."

आमचे हे उठून स्वतः मेणबत्ती शोधायला गेले, आणि आमच्या घरात ही मोठी गोष्ट आहे. साहेबांनी खिशातून बारीक तार काढून बसवली, दिवे आले, आणि मग कुठे ते सोफ्यावर बसले. तोवर चहा गार झाला होता. तो त्यांनी तसाच संपवला आणि 'छान आहे जी' म्हणाले. गार चहाला छान म्हणणारा माणूस मी पुण्यात तोवर पाहिला नव्हता, त्यामुळे चपला माफ केल्या.

साहेब सरकारी वीज खात्यात निरीक्षक होते. नागपूर, भंडारा, चंद्रपूर असे फिरून निवृत्त झाले. मुलाला हिंजवडीत आयटीची नोकरी लागली, त्याने कोथरूडला फ्लॅट घेतला, आईवडिलांना बोलावून घेतलं, आणि या दोघांचं सामान लावून होतंय तोच कंपनीने मुलाला अमेरिकेला पाठवलं. त्या वर्षांत कोथरूडमध्ये अशी पुष्कळ घरं होती. फ्लॅट मुलाचा, राहणार आईवडील, आणि हॉलमध्ये कोरा कॉम्प्युटर, त्यावर आईने विणलेलं झाकण. मुलगा रविवारी फोन करायचा. तो तिकडे नव्या घरात राहायला गेला तेव्हा साहेबांनी त्याला घर कसं आहे ते विचारलंच नाही. "बोर्ड कुठं आहे, ते सांग," एवढंच म्हणाले. मुलाला ते माहीत नव्हतं. मग दिवसभर साहेब अस्वस्थ होते.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "फ्यूज गेला, ही काही बातमी नाही. काऊन गेला ते सांगा." काऊन म्हणजे का. आणि हा नियम ते माणसांनाही लावायचे. एकदा सोसायटीच्या सभेत आमचे चेअरमन परांजपे पार्किंगवरून असे काही भडकले की त्यांनी राजीनामाच फेकला. मी सेक्रेटरी, त्यामुळे मी तो ताबडतोब स्वीकारायला निघाले होते. रामटेके साहेब उठले, परांजप्यांच्या खुर्चीशी गेले आणि हळूच म्हणाले, "साहेब, पार्किंगनं एवढा लोड येत नाही. दुसरं काय चालू आहे?" परांजपे आधी गुरगुरले, मग गालावर हात ठेवून 'दाढ' म्हणाले. त्यांची दाढ किडली होती आणि डॉक्टरकडे जायची त्यांना भीती वाटत होती. त्यांच्या पत्नीलाही हे त्या सभेतच कळलं. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः त्यांना दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथेही म्हणे त्यांनी आधी खुर्चीचं कनेक्शन तपासलं.

दुसरं कुणी चालवत असलेल्या वाहनात मात्र हा माणूस डोळा मिटत नसे. नागपूरहून येताना रेल्वेत रात्रभर ताठ बसून राहायचा. रिक्षात बसला तर रिक्षावाल्याच्या खांद्यावरून पुढे वाकून आवाज ऐकत राहायचा. "मी झोपलो आन् कुठं काही जळलं तर?" असं विचारायचा.

आता गाडीकडे येते. साहेबांची गाडी जपानी बनावटीची होती, त्यांनी नागपुरात एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून घेतलेली. वयाने त्यांच्या मुलाहून थोडीच लहान. रंग पूर्वी निळा असावा. आमच्या पार्किंगमध्ये तेव्हा दर दसऱ्याला कुणा ना कुणा आयटीवाल्याची नवी चकचकीत गाडी हार घालून उभी राहायची, आणि त्या रांगेत ही. रामटेके वहिनी तिला 'मोठी बाई' म्हणत. "मोठ्या बाईची आंघोळ झाली की आमची," असं त्यांनी मला रविवारी सकाळी कितीदा तरी ऐकवलं आहे.

त्या गाडीत साहेबांचा जीव कशात होता, तर लिंकमध्ये. लिंक म्हणजे काय हे आमच्या सोसायटीत बालवाडीपासून सगळ्यांना माहीत आहे, कारण साहेबांनी कुणालाच सोडलं नाही. जुन्या गाड्यांत बॅटरीतून निघणाऱ्या जाड तारेला मध्येच वीतभर बारीक तारेचा तुकडा जोडलेला असतो. कुठे काही बिघडून भलताच करंट वाहायला लागला की बाकीची तार पेटण्याआधी हा तुकडा आतल्या आत वितळतो आणि गाडी वाचते. वरचं आवरण मात्र तसंच राहतं, त्यामुळे बघून काही कळत नाही. हातात धरून ओढायचं. लिंक रबरासारखी ताणली गेली तर समजायचं, आत काही उरलं नाही. मग ती कापायची, तार सोलायची, नवा तुकडा जोडायचा, पकडीने दाबून पक्का करायचा. हे काम नाजूक, आणि साहेब ते एखाद्या सोनारासारखे करायचे. नव्या गाड्यांत तिथे रंगीत प्लास्टिकचा फ्यूज असतो, जुना उपटून नवा खोचायचा, असं कुणी सांगितलं की ते तुच्छतेने हसायचे. "ते पोरासोरांचं काम आहे जी. लिंक जोडायले माणूस लागते."

म्हणूनच एका सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने त्या लिंका कापायला घेतल्या तेव्हा मी जिन्यातच थबकले.

सुरुवात वाईट झाली. नाना पेठेत गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत, तिथून त्यांनी छोटे रंगीत फ्यूज आणले. दुकानदार अस्सल पुणेरी. गाडीचं वय ऐकून म्हणाला, "काका, फ्यूज बदलण्यापेक्षा गाडी बदला, स्वस्तात पडेल." साहेबांनी दुर्लक्ष केलं. फ्यूज बसवले, गाडी फाटकापर्यंत नेली आणि हेडलाईट लावले. गाडी जागच्या जागी बंद. मागे तिसऱ्या मजल्यावरचा अनिकेत, त्याच्या नव्या गाडीत, हिंजवडीला निघालेला.

"अंकल, प्लीज, माझा क्लायंट कॉल आहे!"

"गेला," साहेब बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले. "आता काऊन गेला ते पाहू."

"अंकल, ते नंतर पाहा ना! आधी गाडी बाजूला घेऊ."

"नंतर कसं पाहू? कारण आत्ता आहे." मग त्याला समजावत म्हणाले, "हे पाहा बेटा. लिंक सहनशील असते. क्षणभर जास्त करंट आला तर सोसून घेते. हा छोटा फ्यूज चिडका आहे, लगेच जाते. याले मोठा, सबुरीवाला फ्यूज पाहिजे. तुझ्या क्लायंटले सांग."

अनिकेतने क्लायंटला नेमकं काय सांगितलं ते माहीत नाही, पण गाडी ढकलताना तो इंग्रजीत जे बोलला ते क्लायंटसाठी नव्हतं. साहेब पुन्हा नाना पेठेत गेले आणि मोठे, दमदार फ्यूज घेऊन आले. बॅटरीच्या मेन तारेसाठी निळा. त्याहून कमी ताकदीचा पिवळा, तो दुसऱ्या तारांसाठी.

ते बसवताना त्यांनी मला हाक मारली. "ताई, जरा टॉर्च धरता का?"

आमच्या पार्किंगमध्ये दिवसाही अंधार असतो. मी टॉर्च धरला आणि पाहिलं. साहेबांचा उजवा हात थरथरत होता. पाना नटवर बसेना. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं, तरी बसेना. शेवटी म्हणाले, "तुम्हीच फिरवा." मी फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा पाना हातात धरला होता, तरी नट बसला बिचारा.

"डॉक्टर म्हणतात, कंप आहे. वाढत जाईन," ते बॉनेटकडे बघत म्हणाले. "शेवटची लिंक जोडता जोडता वाया घालवली मी. लिंकेले हात लागते ताई. फ्यूजले नुसते डोळे पुरतात. रंग पाहायचा, जुना काढायचा, तसाच नवा टाकायचा. उद्या रस्त्यात गाडी बंद पडली तर प्रमिला काय वायर सोलत बसन?"

"पण वहिनींना गाडी कुठे येते?"

"शिकवीन. पहिले गाडी तिच्याजोगती करतो, मंग तिले गाडीजोगती करतो." मग एकदम माझ्याकडे वळले. "हाताचं तिले सांगू नका जी. रडन ते."

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "नाही सांगणार."

आणि त्याच आठवड्यात पौड रस्त्यावर मला एक छोटी गाडी दिसली. ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, लाल अक्षरात एल, आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च आवळून, लढाईला निघाल्यासारखा चेहरा करून रामटेके वहिनी. शेजारी शिकवणाऱ्या बाई. वहिनी गेला महिनाभर रोज भाजी आणायला बाहेर पडत होत्या आणि तासाभराने मेथीची एक जुडी घेऊन परत येत होत्या. मी दुसऱ्या दिवशी त्यांना लिफ्टपाशी गाठलं.

"काय हो वहिनी, ही मेथी लोणावळ्याला मिळते का?"

त्या आधी दचकल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. "पाहिलं काय जी तुम्ही?" मग हसू थांबलं. "त्यांचा हात हलते. त्यांना वाटते, मले दिसत नाही. कप बशीवर वाजते म्हणून कप सोडला, आता ग्लासात चहा मागतात. म्हणतात, ग्लासात चव चांगली लागते. मी देते ग्लासात."

"मग त्यांना सांगत का नाही, गाडी शिकते आहे म्हणून?"

"मी शिकली म्हटलं त त्यांना वाटन, आता आपलं संपलं, हिनं गाडी काढून घेतली. ते स्वतः म्हणतीन, 'प्रमिला, शीक.' तोवर थांबायचं. तुम्ही बोलू नका बाप्पा."

आता आली का पंचाईत? सोसायटीच्या सेक्रेटरीकडे फार तर गळक्या टाकीच्या तक्रारी असाव्यात. माझ्याकडे एकाच घरातली दोन गुपितं, दोन्ही एकाच गाडीची, आणि दोघंही जिन्यात मला डोळ्यांनी 'बोलू नका' सांगून जाणार. काही आठवडे मी जिना सोडून लिफ्टनेच गेले.

अखेर साहेबांनी जाहीर केलं, "प्रमिला, गाडी शीक." वहिनी म्हणाल्या, "मले कुठं जमते जी!" इतक्या सुरेख म्हणाल्या की मला टाळी वाजवावीशी वाटली. मागच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. स्टिअरिंगला हात लावण्याआधी बॅटरीतून करंट कुठे कुठे जातो ते तोंडपाठ म्हणायचं. मग बॉनेट उघडून प्रत्येक फ्यूज रंगाने ओळखायचा. मगच किल्ली. पहिल्याच दिवशी वहिनींनी गाडी मागे घेऊन दोन झाडांच्या मधे बिनचूक लावली. साहेब घरी न जाता आधी माझ्याकडे आले.

"पहिल्या दिवशी रिव्हर्स! शिकवणाऱ्याची पद्धत असते जी."

मागे उभ्या असलेल्या वहिनी चपलेच्या टोकाने फरशीवरची रेघ चाचपत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "उद्यापासून मधून मधून मुद्दाम बंद पाडते. नाहीतर त्यांना संशय येईन."

पुढे लायसन्स हातात आलं, तरी साहेबांच्या लेखी वहिनी पास नव्हत्या. "सरकारनं पास केलं असन. मी कुठं केलं?" अंतिम परीक्षा कात्रजच्या घाटात ठरली. परीक्षक साहेब, आणि मी साक्षीदार म्हणून मागच्या सीटवर. रविवारी सकाळी निघताना त्यांनी मला जिन्यात गाठून कुजबुजत सांगितलं, "मेनमधला निळा काढून पहाटेच पिवळा टाकला. आज हातानं ऐकलं. घाटात लाईट, पंखा, सगळं लावलं की लोड पडन आन् पिवळा जाईन. गाडी बंद. तिनं एकटीनं शोधून बदलला, तर मी सुटलो."

"साहेब, घाटात? ट्रकच्या मधे?"

"गाडी बंद पडते तेव्हा जागा विचारून पडत नाही ताई."

मी मागे बसले आणि समोरच्या सीटची पाठ घट्ट धरली.

वहिनींनी गाडी झकास नेली. डेअरी गेली, कात्रजचा चौक गेला, घाट लागला. साहेब शेजारी ताठ बसलेले, उजवा हात पँटच्या खिशात. ऊन कडक होतं.

"लाईट लाव," साहेब म्हणाले.

"उन्हात?"

"बोगदा येऊन राहिला."

बोगदा बराच लांब होता. वहिनींनी लाईट लावले. गाडी चालत राहिली.

"पंखा लाव. फुल्ल."

पंखा लागला. माझ्या डोळ्यांत जुनी धूळ गेली.

"वायपर लाव."

"वायपर काऊन जी? पाणी कुठं आहे?"

"काचेवर धूळ आहे. लाव."

कोरड्या काचेवर वायपर करकरायला लागले. समोरून उतरणारे ट्रकवाले हात बाहेर काढून खुणा करत होते, बाई, दिवे चालू आहेत. साहेबांनी रेडिओ लावायला लावला. हॉर्न दाबायला लावला. आमची गाडी दिवे लावून, वायपर हलवत, गाणं म्हणत आणि हॉर्न वाजवत घाट चढत होती. वरातीत एवढंच कमी होतं की आम्ही नाचत नव्हतो. प्रत्येक वळणावर मी डोळे मिटायचे, आता बंद पडेल, आता पडेल.

"काऊन जात नाही?" साहेब पुटपुटले.

"काय जात नाही जी?"

"काही नाही. पुढं पाहा."

बोगदा आला आणि गेला. पलीकडे रस्त्याला जागा होती तिथे वहिनींनी गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला, इंजिन चालूच ठेवलं. पर्स उघडली आणि पिवळा फ्यूज काढून साहेबांच्या मांडीवर ठेवला.

"तुम्ही जिन्यात ताईंशी बोलून राहिले होते तेव्हा बॉनेट उघडलं. तुम्हीच म्हणता ना, पहिले फ्यूज पाहा? निळ्याच्या जागी पिवळा होता. गाडीत तुम्ही ठेवलेला जादा निळा बसवला."

साहेब त्या फ्यूजकडे बघत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फ्यूजमधल्या चुका काढलेला माणूस, त्याची चूक पहिल्यांदा कुणीतरी पकडली होती.

"काऊन टाकला, ते नाही विचारत मी," वहिनी म्हणाल्या. "मले माहीत आहे. हात काढा खिशातून आता. कधीचं माहीत आहे मले."

रेडिओवर कुणीतरी गात होतं, तो वहिनींनी बंद केला. साहेबांनी हात खिशातून काढला. तो हलत होता, आणि लपवायला जागा नव्हती. वहिनींनी तो उचलला, गिअरच्या दांड्यावर ठेवला आणि वर आपला हात ठेवला. त्या जुन्या गाडीचा दांडा इंजिन चालू असताना असा थडथडतो की हात कुठला आणि दांडा कुठला, काही कळत नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, कारण मला रडू येत होतं आणि साक्षीदाराने रडणं बरं दिसत नाही.

"पास," साहेब म्हणाले. ते समोरच्या काचेला म्हणाल्यासारखं वाटलं.

वहिनींनी गाडी वळवली. परतीच्या वाटेवर मी साहेबांच्या सूचनांची वाट बघत होते. बोगद्यात काही नाही, पहिल्या वळणावर काही नाही, ट्रक अगदी घासून गेला तरी काही नाही. मी पुढे वाकून पाहिलं. साहेब मान कलती करून गाढ झोपले होते. हात मांडीवर उघडा पडला होता, पिवळा फ्यूज तळव्यात.

उतारावरून गाडी हळूहळू उतरत होती. वायपर अजून काचेवर करकरत होते.

"वहिनी, वायपर," मी मागून हळूच म्हटलं.

"राहू द्या ताई," त्या आरशातून माझ्याकडे बघत कुजबुजल्या. "आवाज थांबला त उठून बसतीन, काऊन थांबला म्हणून."

कोथरूड येईपर्यंत आम्ही लख्ख उन्हात वायपर फिरवत आलो.